अवंतिकेची माती आणि गोमंतकाची पत्री

देवस्थानांचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम दगडाकडे पाहतो. देऊळ कोणी बांधिले, कोणी पाडिले, जीर्णोद्धार केव्हा झाला, कोणत्या सरदाराने कोणते गाव इनाम दिले, हे सारे शिलालेख, ताम्रपट आणि सनदा यांवरून ठरते. आम्ही वकिली करणारी माणसे; कागद आणि शिक्का यांवाचून आमचे पाऊल पुढे पडत नाही. तथापि आपल्या उपासनेचा एक फार मोठा भाग असा आहे की, ज्याचा कागद नाही, शिक्का नाही, आणि दुसऱ्या दिवशी वस्तूही नाही. नदीकाठची माती, वाळू, शेण, पाने, फुले, पीठ यांपासून मूर्ती घडवावी, तिची यथासांग पूजा करावी, आणि त्याच दिवशी किंवा फार तर काही दिवसांनी ती पाण्यात सोडून द्यावी, हा तो भाग होय. ही शिल्पे उरत नाहीत म्हणून त्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात तो थोडासा सांगावा, आणि त्या परंपरेपुढे आज जे प्रश्न उभे आहेत त्यांकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असा आमचा विचार आहे.

यासाठी उज्जयिनी आणि गोमंतक ही दोन स्थळे आम्ही मुद्दाम निवडली आहेत. दोन्ही ठिकाणी दगडाची देवळे परकीय सत्तेने उद्ध्वस्त केली. दोन्ही ठिकाणी माती आणि पाने यांनी उपासना जिवंत ठेविली. आणि या दोन्ही स्थळांना जोडणारा एक पुरुष आपल्या समाजाच्या परिचयाचा आहे. त्याची ओळख पुढे येईलच.

१

मातीची मूर्ती ही दगडाची ऐपत नसलेल्यांनी काढलेली पळवाट आहे, असे पुष्कळांस वाटते. शास्त्राचे मत तसे नाही. कामिकागमाच्या आधारे गोपीनाथ राव यांनी १९१४ ते १९१६ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या मूर्तिशास्त्रावरील ग्रंथात चल लिंगांचे सहा प्रकार दिले आहेत: मृण्मय, लोहज, रत्नज, दारुज, शैलज आणि क्षणिक. यांतील क्षणिक लिंग हा स्वतंत्र वर्ग असून, त्याची द्रव्येही मोजून दिली आहेत. वाळू, कच्चे तांदूळ, शिजलेला भात, नदीची माती, शेण, लोणी, रुद्राक्ष, चंदन, कुशांचा कूर्च, फुले, गूळ आणि पीठ अशी ती बारा द्रव्ये होत. यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक वस्तू गावाच्या शिवारात किंवा घराच्या कोठीत मिळणाऱ्या आहेत; यांसाठी खाण खणावी लागत नाही, शिल्पी बोलवावा लागत नाही आणि राजाश्रयही लागत नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात भगवंताच्या प्रतिमा आठ प्रकारच्या सांगितल्या आहेत. त्यांत दगड, लाकूड आणि धातू यांच्या जोडीस वाळूची प्रतिमा येते, आणि मनात कल्पिलेली प्रतिमाही येते. म्हणजे सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत अल्पायुषी अशा दोन्ही प्रतिमा एकाच पंक्तीस बसविल्या आहेत. शिवपुराणाच्या विद्येश्वरसंहितेत पार्थिवपूजेचा विधी विस्ताराने आला आहे. स्वच्छ स्थळाची माती आणावी, ती पाण्याने मळावी, लिंग घडवावे, आवाहन करावे, पूजा करावी आणि शेवटी विसर्जन करावे, असा तो क्रम आहे. आवाहनाइतकेच विसर्जन हेही विधीचे अंग आहे, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. विसर्जन झाल्यावाचून पूजा पुरी होत नाही.

वाङ्मयातही या शिल्पांची साक्ष जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात एकलव्याने द्रोणाचार्यांची मातीची प्रतिमा केली, आणि तिच्यासमोर धनुर्विद्येचा अभ्यास केला. वनपर्वात किराताशी लढताना हतबल झालेल्या अर्जुनाने मातीचे स्थंडिल करून शंकराची पूजा केली, व तेथे वाहिलेली माळ त्यास समोरच्या किराताच्याच मस्तकी दिसली. एका कथेत राजकुळाने झिडकारलेला निषादपुत्र, दुसऱ्या कथेत राज्य गमावून वनात आलेला राजपुत्र. दोघांच्याही हाताशी उरली ती मातीच. सातव्या शतकातील बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी शोण नदीच्या पुळणीवर वाळूची शिवलिंगे मांडून पूजा केल्याचे वर्णन केले आहे. ज्या बाणाने कादंबरीत उज्जयिनीच्या वैभवाचे एवढे विस्तृत चित्र रंगविले, त्यास नदीकाठच्या वाळूची चार लिंगेही वर्णनीय वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

२

आता उज्जयिनीकडे वळू. इंदूरहून येणाऱ्या रस्त्याने शहरात शिरताना नानाखेडा हा भाग लागतो. नावात खेडे असले तरी आज तेथे बसस्थानक आहे, क्रीडांगण आहे आणि नव्या वसाहती आहेत. याच रस्त्याने शहराबाहेर गेले की त्रिवेणीचा संगम आणि तेथील नवग्रहांचे व शनीचे स्थान येते. जुन्या अवंतिकेच्या गल्ल्या आणि नव्या वस्तीचा विस्तार यांच्यामधला हा टापू असल्यामुळे, परंपरेत काय टिकले आणि काय सुटत चालले हे पाहण्यास तो सोईचा आहे.

माळव्यात भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत कुमारिका संजा मांडतात. भिंतीचा एक चौरस सारवून घ्यावयाचा, त्यावर गाईच्या शेणाच्या उठावदार रेघांनी आकृती घडवावयाची, आणि त्या ओल्या रेघांत गुलतेवडी, कण्हेर, झेंडू यांच्या पाकळ्या दाबून बसवावयाच्या. प्रत्येक तिथीची आकृती निराळी. पौर्णिमेस पाटला, बीजेस बीजारू, तीजेस घेवर, चौथीस चौपट, पंचमीस पाच कुमार, सप्तमीस सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीस आठ पाकळ्यांचे फूल, नवमीस डोकरा-डोकरी, असा साधारण क्रम असून गावोगाव त्यात थोडाफार फरक पडतो. अखेरच्या दिवसांत किलाकोट नावाची तटबंदीसारखी मोठी आकृती होते, आणि तिच्यात आधीच्या साऱ्या आकृती एकत्र येतात. रोज सायंकाळी मुली गाणी म्हणतात, आरती करतात. प्रसाद झाकून आणलेला असतो आणि तो कोणता हे इतरांनी ओळखावयाचे असते. दुसऱ्या दिवशी जुनी आकृती खरवडून टोपलीत ठेवितात, आणि अमावास्येनंतर ती सारी टोपली नदीत किंवा तळ्यात विसर्जित होते.

मराठी वाचकास येथे ओळखीची खूण पटल्यावाचून राहणार नाही. आपल्या भोंडल्यात खिरापत ओळखावयाची असते. विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मातीच्या भुलाबाईपुढे मुली गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांतही संजेच्या गाण्यांप्रमाणेच सासर-माहेरचा विषय असतो. आपल्या वर्षातील सण ओळीने मांडून पाहिले तर श्रावणापासून कार्तिकापर्यंत क्षणिक शिल्पांची एक अखंड मालिकाच दिसते. नागपंचमीस मातीचा नाग, पोळ्यास मातीचे बैल, हरितालिकेस वाळूचे लिंग, चतुर्थीस मातीचा गणपती, त्यामागून पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या किंवा तेरड्याच्या गौरी, दिवाळीत शेणाच्या गवळणी आणि पोरांचा मातीचा किल्ला. ही मालिका पावसाळ्याशी जुळलेली आहे. माती ओली असते, गवत-पाने भरपूर असतात, नदी वाहती असते आणि शेतकऱ्याचे घर धान्याची वाट पाहत असते. भूमी जे त्या ऋतूत देते त्याचीच मूर्ती करावयाची, व ती त्या भूमीस परत द्यावयाची, असा हा व्यवहार होय.

या शिल्पांचे कर्तृत्व कोणाकडे आहे हेही पाहिले पाहिजे. गाभाऱ्यातील मूर्तीस स्पर्श करण्याचा अधिकार अनेक शतके थोड्यांनाच होता. परंतु संजा मांडणारी मुलगी, वाळूचे लिंग करणारी सुवासिनी, बैल घडविणारा कुंभार आणि गवळणी थापणारी शेतकरीण यांस कोणाची अनुज्ञा लागली नाही. देवास आपल्या हातांनी आकार द्यावा ही इच्छा त्यांनी मातीत पुरी करून घेतली.

३

उज्जयिनीच्या दगडाचा इतिहास मात्र वेगळा आहे. सुलतान इल्तुतमिशाने १२३४-३५ च्या स्वारीत महाकाळाचे देवालय उद्ध्वस्त केले. त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षे त्या तोलाचे मंदिर तेथे उभे राहिले नाही. माळव्यात मराठ्यांचा अंमल बसल्यावर, १७३० नंतरच्या दशकात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर उर्फ रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळेश्वराचे आजचे मंदिर उभारिले.

हेच ते गृहस्थ ज्यांचा उल्लेख आम्ही आरंभी केला. कुळाने गौड सारस्वत, दैवताने श्रीमंगेशाचे भक्त. श्रीमंगेशाचे मूळ स्थान साष्टीतील कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलात तेथील देवालयावर संकट आले तेव्हा १५६० च्या सुमारास भक्तांनी लिंग नदीपलीकडे अंत्रुज प्रांतात प्रियोळास नेले. पुढे १७३९ मध्ये रामचंद्रबाबांच्याच सूचनेवरून पेशव्यांनी मंगेशी हे गाव देवस्थानास दिले, असे त्या देवस्थानाचा इतिहास सांगतो. ज्याच्या कुलदैवतास रातोरात स्थलांतर करावे लागले, त्याच कुळातील पुरुषाने दूर माळव्यात दुसऱ्या एका उद्ध्वस्त शिवस्थानाचा जीर्णोद्धार करावा, या योगायोगामागे काही मनोभूमिका असलीच पाहिजे असे आम्हांस वाटते. देऊळ गमावणे म्हणजे काय, हे त्या कुळास शिकवावे लागले नसेल.

दगडाची देवळे पुन्हा बांधण्याच्या याच शतकात मातीचा मानही उणावला नव्हता, याचे उत्तम उदाहरण निमाडात महेश्वर येथे आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य केले. काशी विश्वनाथापासून अनेक देवालये त्यांनी दगडात उभी केली. परंतु स्वतःच्या वाड्यात त्यांनी जो नित्यविधी चालू ठेविला तो लिंगार्चनाचा. ब्रह्मवृंदाने काळ्या मातीची चिमुकली लिंगे हजारोंनी घडवावीत, पाटांवर ओळीने मांडावीत, त्यांची पूजा करावी आणि लगेच नर्मदेत सोडून द्यावीत, असा तो विधी असून त्याची परंपरा महेश्वरात पुढेही चालत आली आहे. ज्या बाईंनी भारतभर पाषाणाची कामे केली, त्यांच्या घरच्या देवपूजेत रोज सकाळी घडविलेले दुपारपर्यंत उरत नसे. कीर्तीसाठी बांधणाऱ्याची ही रीत नव्हे.

४

गोमंतकात तर क्षणिक मूर्तीने केवळ उपासना नव्हे, समाजच तगवून धरिला. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडिली गेली, आणि साष्टी-बारदेशातील १५६७ च्या आगेमागे. पोर्तुगालच्या राजाच्या १५४६ च्या पत्रात हिंदूंचे उत्सव बंद करावे आणि मूर्ती घडविणाऱ्यास कडक शासन करावे अशी आज्ञा होती. १५६० मध्ये आरंभलेले धर्मन्यायासन, १७७४ ते १७७८ हा अल्प काळ वगळता, १८१२ पर्यंत चालू राहिले. १७३६ च्या त्याच्या आज्ञापत्रात बाटलेल्या कुटुंबांच्या अंगणातील तुळस आणि पुरुषांचे धोतर यांचाही समाचार घेतला आहे. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा इतिहास कागदपत्रांसह मांडला असल्यामुळे त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

आमचा मुद्दा निराळा आहे. कोणताही दंडविधान चालविण्यास मुद्देमाल लागतो. दगडाची किंवा पितळेची मूर्ती घरात सापडली तर अपराध शाबीत होतो. पण ज्या घरात सकाळी चार पाने, एक नारळ आणि थोडी फुले मांडून गणपतीचे आवाहन केले आणि विसर्जन करून ती पाने परसात टाकिली, त्या घरातून शिपायाने काय जप्त करावे? गोव्यात काही कुटुंबांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी पत्रीचा गणपती पुजतात, काहींत कागदावर चितारलेला गणपती असतो, आणि ही चाल त्या छळाच्या काळापासून आली असे ती कुटुंबे परंपरेने सांगतात. शास्त्रकारांनी क्षणिक लिंगाचा वर्ग केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे धर्मन्यायासन नव्हते. पण संकटाच्या वेळी तीच तरतूद उपयोगी पडली. दगडाचे देऊळ पाडता येते. जे उद्या नसणारच, ते पाडणार कसे?

चवथीस गोमंतकात मूर्तीच्या वर माटोळी बांधितात, तीही याच जातीची कला होय. लाकडी चौकटीस रानातली फळे, फुले, कंद आणि वेली बांधून केलेले हे छत म्हणजे त्या गावच्या डोंगराची जणू जंत्रीच असते. माटोळी बांधणाऱ्यास कोणते फळ कोणत्या रानात केव्हा पिकते हे ठाऊक असावे लागते, आणि विसर्जनानंतर ती उतरवावयाची असल्यामुळे हे ज्ञान दरवर्षी नव्याने वापरात येते. मूर्ती घडविणाऱ्यास तेथे चित्रकार आणि त्याच्या कामाच्या जागेस चित्रशाळा म्हणतात. गावच्या चिकणमातीची मूर्ती, गावच्या रानाची माटोळी आणि गावच्या ओढ्यात विसर्जन, असा हा पुरा फेरा आहे.

५

येथे कायद्याचा एक प्रश्न उद्भवतो. तो आमच्या व्यवसायाचा असल्यामुळे थोडक्यात सांगतो. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या नावे मालमत्ता असू शकते व ती दावा लावू शकते, हे तत्त्व १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात स्पष्टपणे मान्य केले. मग मूर्ती नष्ट झाली तर ही व्यक्ती मरते काय? आणि जी मूर्ती अद्याप घडलीच नाही तिच्यासाठी कोणी मृत्युपत्राने दान केले तर ते रद्द ठरते काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने भूपतिनाथ स्मृतितीर्थ यांच्या प्रकरणात १९०९ मध्येच दिले होते: मृत्युसमयी मूर्ती अस्तित्वात नव्हती एवढ्यावरून असे दान निष्फळ होत नाही. पहिल्या प्रश्नाचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्या निकालात केला. कायदा ज्यास व्यक्तित्व देतो तो दात्याचा धार्मिक हेतू होय. मूर्ती हे त्या हेतूचे दृश्य रूप असून, ती नाहीशी झाली तरी हेतू शिल्लक राहतो, असा त्याचा आशय आहे.

न्यायाधीशांनी ज्या गोष्टीसाठी पानेच्या पाने लिहिली ती संजा मांडणाऱ्या मुलीस आधीच ठाऊक असते. शेण नदीत गेले म्हणून संजा गेली असे तिला वाटत नाही. पुढल्या भाद्रपदात ती येणारच आहे.

याच्या उलट बाजूस महाकाळाचे लिंग आहे. ते स्वयंभू मानिले जाते, म्हणून ते बदलता येत नाही. त्या लिंगाची झीज होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. पुरातत्त्व सर्वेक्षण आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण या खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. २०१७ मध्ये अभिषेकासाठी शुद्ध केलेले पाणी मोजक्या प्रमाणात वापरणे, भस्मारतीच्या वेळी लिंग कोरड्या सुती वस्त्राने झाकणे इत्यादि उपाय पुढे आले. २ मे २०१८ च्या निकालात न्यायालयाने पूजापद्धती ठरविणे हे आपले काम नव्हे असे सांगून लिंगाच्या रक्षणाची जबाबदारी मंदिर समितीवर ठेविली, आणि १ सप्टेंबर २०२० च्या आदेशात भाविकांनी लिंग घासू नये, दही-तूप-मध चोळू नये, असे निर्देश दिले. न्यायालयाने देवपूजेत हात घालावा काय, असा आक्षेप त्या वेळी पुष्कळांनी घेतला. तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु लक्षावधी हातांच्या घर्षणाने पाषाण झिजतो हेही खोटे नव्हते.

आम्हांस असे वाटते की, या वादाचे उत्तर बाहेर शोधण्याचे कारणच नव्हते. हातांनी देवास स्पर्श करावा, दूध-मध घालून त्यास न्हाऊ घालावे, ही भाविकाची ओढ खरी आहे. परंतु याच ओढीसाठी शास्त्रकारांनी पार्थिव लिंग सांगितले आहे. ते घासून झिजले तर हानी नाही, कारण ते झिजण्यासाठीच आहे. स्थावराचे दर्शन घ्यावे आणि क्षणिकाची सेवा करावी, अशी वाटणी परंपरेने करून ठेविली होती. गर्दी वाढली आणि ती वाटणी विस्मरणात गेली. महाकाळात शिवनवरात्रीत शेषनाग, घटाटोप, छबिना, होळकर, मनमहेश, उमामहेश, शिवतांडव अशी रोज नवी रूपे सजविली जातात, व दुसऱ्या दिवशी उतरविली जातात. म्हणजे स्थावर लिंगावरही क्षणिक रूपांचा क्रम आहेच. श्रावणात किंवा महाशिवरात्रीस देवस्थानांनी भाविकांकडून पार्थिव लिंगे करवून घेण्याची सोय मोठ्या प्रमाणावर केली, तर भक्तीही तृप्त होईल आणि पाषाणही राहील.

६

पण पार्थिव लिंगास माती पाहिजे, आणि विसर्जनास पाणी पाहिजे. दोन्ही गोष्टी आज पूर्वीसारख्या सहज मिळत नाहीत. नानाखेड्याच्या पुढे त्रिवेणीवर क्षिप्रेस कान्ह नदी मिळते, आणि ती इंदूरच्या वस्तीतले सांडपाणी घेऊन येते. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणण्याची योजना कार्यान्वित झाली, आणि २०१६ चा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. शास्त्राने पूजेसाठी स्वच्छ स्थळाची माती सांगितली आहे. नदीकाठ अशुद्ध झाला म्हणजे पूजेचे द्रव्यच अशुद्ध झाले, ही गोष्ट केवळ आरोग्यखात्याची नव्हे, धर्माची आहे.

सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर शेण धरत नाही. घरात गाय नाही, अंगण नाही. म्हणून बाजारात मिळणारी कागदाची तयार संजा भिंतीस चिकटविण्याची रीत माळव्याच्या शहरांत रूढ झाली आहे. पूर्वी रोज एक आकृती नव्याने घडवावी लागे. आता सोळा दिवसांच्या साऱ्या आकृती एकाच कागदावर छापून येतात. गाणी राहतात, हात रिकामे राहतात. या मुलींस दोष देण्यात अर्थ नाही. भिंत त्यांनी बांधिलेली नाही.

गणेशमूर्तींची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. शाडूची किंवा चिकणमातीची मूर्ती पाण्यात विरघळून गाळ होते. प्लास्टर हे भाजलेल्या जिप्समचे पीठ. पाणी लागताच त्याचे पुन्हा कठीण जिप्सम बनते, आणि ते पाण्यात लवकर विरघळत नाही. म्हणून समुद्राने परत टाकलेले अवयव भंगलेल्या स्थितीत वाळूवर पडलेले दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक नियम केले, आणि मे २०२० मध्ये ते सुधारून प्लास्टरच्या मूर्तींस मनाई सांगितली. गोव्यात शासनाने अशा मूर्तींस बंदी केली, व मातीच्या मूर्तीमागे चित्रकारास अनुदान देण्याची योजना ठेविली. महाराष्ट्रात प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक देण्यात आली, परंतु नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास प्रतिबंध राहिला, आणि जुलै २०२५ मध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा निर्देश झाला.

मूर्तिकारांची बाजूही येथे सांगितली पाहिजे. प्लास्टरची मूर्ती हलकी असते, साच्यातून लवकर निघते, वाहतुकीत फुटत नाही आणि स्वस्त पडते. शाडूचे काम वेळ घेते, वाळण्यास ऊन मागते. पेणसारख्या ठिकाणी अनेक घरांचा वर्षाचा संसार या कामावर चालतो. एका हंगामात त्यांच्या हातचे काम काढून घेणे न्याय्य नाही. परंतु खरा प्रश्न मूर्तिकाराचा नसून आपल्या मागणीचा आहे. उंच मूर्ती, चकाकणारा रंग आणि थोडी किंमत या तीन गोष्टी एकदम मागितल्या की प्लास्टरवाचून गत्यंतर नाही. वीतभर मूर्ती मागितली तर माती पुरे.

वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर विसर्जन हा एक करार आहे. भूमीकडून माती घेतली, तिच्यात देवाचे आवाहन केले, आणि पूजा झाल्यावर मूळ वस्तू मूळ धन्यास परत केली. जी वस्तू परत होऊ शकत नाही, ती पाण्यात लोटल्याने करार पुरा होत नाही, तो मोडतो. मंत्र तेच म्हटले तरी वस्तू पाण्यात विरली नाही, तर विसर्जन हा शब्द उरतो आणि अर्थ जातो.

७

पाश्चात्त्य देशांतही १९६० नंतर काही शिल्पकार संग्रहालये सोडून माळावर गेले. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथसन याने १९७० मध्ये युटातील खाऱ्या सरोवरात दगड-मातीचा शंखाकृती बांध घातला. सरोवराचे पाणी चढले की तो बुडतो आणि उतरले की दिसतो. इंग्लंडातील अँडी गोल्ड्सवर्दी याने पाने, काटक्या, बर्फ आणि खडे यांपासून ओढ्याकाठी आकृती रचिल्या. वारा किंवा भरती त्या मोडून टाकते, आणि मोडण्यापूर्वी तो त्यांचे छायाचित्र घेतो. या कलावंतांचा प्रयत्न प्रामाणिक आहे, आणि त्यांची निसर्गाकडे पाहण्याची दृष्टीही सूक्ष्म आहे. परंतु त्यांच्याकडे वस्तू गेली की उरते ते छायाचित्र आणि कर्त्याचे नाव. आपल्याकडे वस्तू गेली की उरते ती पुढल्या वर्षाची तिथी. संजा किंवा गवळण यांवर कोणाची सही नसते. आजीने केलेली आकृती नातीस पाहावयास मिळत नाही. आजीने कशी केली एवढे तिला ठाऊक असते, आणि म्हणून ती पुन्हा करिते. वस्तू जपून ठेविण्याची सोय नसल्यामुळे विद्या जपून ठेवावी लागली.

येथेच या परंपरेचा धोका आहे. दगडाचे देऊळ पाच शतके पडून राहिले तरी रामचंद्रबाबांसारखा कोणी येऊन ते पुन्हा उभारू शकतो. जागा, पाया, अवशेष हे काही ना काही सांगतात. क्षणिक शिल्पाचे तसे नाही. दोन पिढ्या हात थांबले, तर पाया खणून पाहावयास काही शिल्लक राहणार नाही. परकीय अमलात जे हुकूमनाम्यांनी बंद पडले नाही, ते आपल्या सोईने बंद पडू शकते.

म्हणून आमच्या समाजाच्या देवस्थानांस काही सूचना कराव्याशा वाटतात. देवस्थानाच्या आवारात एक भिंत मातीची व सारवलेली राखावी, आणि पितृपक्षात किंवा नवरात्रात मुलींस ती मोकळी करून द्यावी. चवथीपूर्वी गावच्या चित्रकारास बोलावून मुलांस चिकणमाती मळण्यापासूनचे काम शिकवावे. माटोळीच्या वस्तू बाजारातून आणण्याआधी एक दिवस जाणत्या माणसाबरोबर मुलांस रानात न्यावे. ज्या घरांत पत्रीचा गणपती पुजला जातो त्यांनी कोणती पाने, कोणत्या क्रमाने, याची नोंद करून ठेवावी. आणि विसर्जनाचे तळे किंवा ओढा ही देवस्थानाची मालमत्ता नसली तरी जबाबदारी आहे, असे समजून त्याची निगा राखावी. यांस मोठा निधी लागत नाही, शासनाची परवानगीही लागत नाही. सभामंडपास संगमरवर घालण्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या समित्यांनी त्यातला अगदी थोडा भाग या कामी वेगळा काढिला, तर दगडाबरोबर मातीचीही परंपरा पुढल्या पिढीच्या हाती सोपविल्यासारखे होईल.